चार बोटं माया

१

मुलांचे कपडे शिवताना आत माया ठेवायची असते. शिलाईच्या आतल्या बाजूला जे जास्तीचं कापड दाबून ठेवतात, ती माया. पोर वाढलं की शिलाई उसवायची, माया सोडायची आणि कपडा अंगाला मोठा करून घ्यायचा. शाळा संपल्यावर मी ज्या बाईंकडे शिवण शिकले, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मोठ्या माणसाचं कापड मापानं कापायचं, मुलाचं भरवशानं."

माझं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. खिडकीशी मशीन, भिंतीला कापडाचे तुकडे बांधलेली गाठोडी, आणि दुरुस्तीला आलेल्या कपड्यांसाठी एक टोपली. मागे स्वयंपाकघर. जिना चढून गेलं की वरची खोली, तिथे मुंगी झोपते. मुंगी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढीशी होती, आणि पुढे स्वतःपेक्षा मोठं दप्तर ओढत शाळेत जायला लागली, म्हणून मुंगी. धाकटी आजारी पडली तेव्हापासून दोघी माय-लेकी माझ्याकडेच राहतात.

एकदा दुपारी टोपलीत हात घातला तर एक फ्रॉक हाताला लागला. फिकट जांभळा, कमरेला मोठा बो, छातीवर चांदणीच्या आकाराची बटणं. टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या, हातात छडी घेऊन जग वाचवणाऱ्या मुली घालतात ना, अगदी तसला. खांद्यावर वीतभर फाटला होता.

"मुंगे, हा कुणाचा गं?"

"माझाच." ती जिन्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. "शिवशील ना? आज हवाय."

"शाळेत नाटक आहे का?"

"तसंच काहीसं."

मी सवयीनं फ्रॉक उलटा केला. कुठल्याही शिंपिणीला विचारा, कपडा हातात आला की ती आधी तो उलटा करते. सुलट बाजू काय, कुणीही सजवतं. शिवणारा कसा आहे ते आतून कळतं.

आत काहीच नव्हतं. माया नव्हती, आणि दोरे निघू नयेत म्हणून ठेवतात ती नखभर कडही नव्हती. कापड शिलाईपाशी येऊन नुसतं संपत होतं. असं शिवताच येत नाही, पहिल्या धुण्यातच उसवेल. पण हा शिवलेला होता आणि मुंगीच्या अंगाला काल मापं घेतल्यासारखा बसत होता.

"कुठल्या आळशी शिंप्यानं शिवलाय हा?" मी हसून म्हटलं.

मुंगी हसली नाही. खिडकीकडे बघून म्हणाली, "हळू बोल ना, मावशी."

२

हे केव्हा सुरू झालं असेल, ते मी नंतर मनाशी जुळवत बसले.

धाकटी हॉस्पिटलमध्ये होती. डॉक्टर म्हणाले, नातेवाइकांना बोलावून घ्या. नातेवाईक म्हणजे मी आणि मुंगी, आम्ही तिथेच उभ्या होतो. मी कॉटची कड धरून बसले. मुंगी खिडकीपाशी गेली आणि काचेला कपाळ टेकून कुणाशी तरी बोलत राहिली, दुकानात भाव विचारावा तशा आवाजात. काचेपलीकडे पांढरं काहीतरी बसलं होतं. मांजर असेल, म्हणून मी लक्ष दिलं नाही. तेव्हा लक्ष द्यायला जागाच नव्हती.

सकाळी धाकटी उठून बसली. चहा मागितला आणि वर म्हणाली, "माझे केस असे कुणी गं विंचरले? शत्रूसुद्धा बरे विंचरेल."

मी रडले, नर्स रडली. मुंगी मात्र आईच्या गळ्यात पडली नाही. ती खिडकीकडे वळून म्हणाली, "आता परत नाही ना आजारी पडणार?" कुणी काही बोललं नाही. तरी तिनं मान डोलावली, उत्तर मिळाल्यासारखी.

ते पांढरं आमच्या मागोमाग घरी आलं. मांजरापेक्षा लहान, कान पार खाली लोंबणारे, आणि शेपटी नेमकी कुठून सुरू होते ते बघूनही कळायचं नाही. दुधाला तोंड लावलं नाही. मुंगी त्याला पाहुणा म्हणायची.

"कुठला पाहुणा?" धाकटी विचारायची. तिला तो दिसत नव्हता. ती रोज दुकानाची खिडकी पुसायची, तेव्हा फडकं पाहुण्याच्या भोवतीनं फिरायचं, आणि आपण भोवतीनं पुसतोय हेही तिला कळायचं नाही. मी मनात म्हणायची, हॉस्पिटलच्या जागरणांनी आपलंच डोकं फिरलंय. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

नंबर वाढलेला नव्हता. पाहुणा खिडकीत बसायचा आणि मी मशीन चालवताना माझ्या हातांकडे बघायचा. मुंगीकडे नाही, माझ्या हातांकडे. मशीन थांबलं की त्याच्याकडून आवाज यायचा, कापडावर खडू ओढल्यासारखा.

३

खांद्याला मी आतून बारीक रफू केलं. शिवलेला फ्रॉक समोर इस्त्रीवाल्याकडे नेला.

इस्त्रीवाला माझ्याहून मोठा, पण मला मावशीच म्हणतो, सगळे म्हणतात म्हणून. टेबलाखाली त्याची नात खेळत असते. मुलगा-सून कामाला जातात, नात आजोबांकडे. त्या दिवसांत त्याला खोकला लागला होता. खोकला आला की हातातली इस्त्री उभी करायचा, टेबल धरायचा आणि डोळे मिटून वाट बघायचा.

"दाखवा हो तो खोकला कुणाला तरी."

"दाखवला. डॉक्टरनं नीट ऐकून घेतला. छान आहे म्हणाला." त्यानं फ्रॉक पसरला, इस्त्री फिरवली आणि थांबला. "मावशी, हात लावून बघा."

मी लावला. इस्त्री नुकती फिरली होती, तरी कापड थंड होतं.

"आयुष्यभर इस्त्री केली, असं कापड नाही पाहिलं. सुरकुती पडायची तर कापडाला आधी जुनं व्हावं लागतं. हे जुनं व्हायला तयार नाही. घेऊन जा, माझा कोळसा फुकट."

टेबलाखालून नात बाहेर आली आणि तिनं चांदणीच्या बटणाला बोट लावलं. "आजोबा, मला असा हवा."

"तुला असा घ्यायचा तर मला पुढचा जन्म घ्यावा लागेल बाई. हा जन्म तर खोकण्यातच चाललाय."

आम्ही हसलो. नात हसली नाही. आजोबा खोकायला लागले की ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची, अगदी थांबेपर्यंत.

४

फ्रॉक टोपलीत येतच राहिला. कधी घेर फाटलेला, कधी बाही. मी काही विचारलं नाही. पोरीला आई परत मिळाली होती, अभ्यासात लक्ष होतं, जेवत होती. सुखाचा जीव दुःखात कशाला घालायचा, म्हणून माणूस किती प्रश्न गिळतं!

एकदा फ्रॉक घेऊन जाताना मुंगी म्हणाली, "मावशी, हा काखेत काचतोय गं आता." आणि हसली. परीक्षेत पहिला नंबर आल्यावर हसेल तशी. मुंढ्यापाशी तिच्या कातडीवर लाल वळ उठला होता, आणि ती त्यावरून बोट फिरवत हसत होती. मला ते हसणं चमत्कारिक वाटलं. पण काचतोय, एवढंच माझ्या ध्यानात राहिलं. शिंपिणीच्या ध्यानात दुसरं काय राहणार?

त्याच दुपारी मी वाळत घातलेली चादर आणायला गच्चीवर गेले. ऊन लख्ख होतं. मुंगी कठड्याजवळ होती, शाळेच्या कपड्यांत. तिनं एक गिरकी घेतली. भातुकलीत मुली घेतात तशी, हात पसरून. गिरकी पुरी झाली तेव्हा तिच्या अंगात जांभळा फ्रॉक होता.

मग ती कठड्यावर चढली आणि पाय पुढे टाकला. खाली पडली नाही. बुटांखाली काही नव्हतं, आणि ती उभी होती.

तिच्या समोर आभाळाला चुण्या पडत होत्या. दुसरा शब्द मला सुचत नाही. कापडातला एक दोरा ओढावा आणि सगळं कापड त्या दोऱ्यापाशी गोळा व्हावं, तसं निळं आभाळ एका जागी गोळा होत होतं, आणि त्या चुण्यांमधून काहीतरी बाहेर यायला बघत होतं. आवाज नव्हता. रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता, तेवढाच. माझ्या लेकरासारख्या पोरीचे खरचटलेले गुडघे, एवढंच मी नीट पाहिलं. पुढचं पाहवलं नाही. मी चादर तोंडावर ओढून जिन्यात बसले.

ती खाली आली तेव्हा शाळेच्या कपड्यांत होती आणि फ्रॉक हातात होता. "घेर थोडा फाटलाय," म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी फ्रॉक उलटा करून मांडीवर घेतला आणि त्या संपलेल्या कडांकडे बघत राहिले. आता मला त्याचा अर्थ लागला होता. ज्यानं कुणी हा शिवला, त्याला ही मुलगी मोठी होईल असं वाटतच नव्हतं. म्हणून त्यानं माया ठेवली नव्हती. वाढणाऱ्या पोरीचं कापड त्यानं मापानं कापलं होतं.

५

मुंगी शाळेत गेली होती. धाकटी मागे भांडी आवरत होती, गुणगुणत होती. किती दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा ऐकत होते.

मी पेटीच्या तळातून मुंगीचं दुपटं काढलं, जन्मल्यावर तिला ज्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं होतं ते. धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. ते कधी कापेन असं वाटलं नव्हतं. पण मनात आलं, हे कापड तिला ओळखतं. शिवणाऱ्यानं नाही भरवसा ठेवला, तर आपण ठेवू.

फ्रॉकच्या कुशीची शिलाई उसवायला ब्लेड लावलं. दाबावंही लागलं नाही. नुसतं टोक टेकवलं आणि शिलाई आपणहून सुटत गेली, काखेपासून कमरेपर्यंत. जणू सुटायलाच टेकली होती. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, बरं झालं, काम सोपं झालं.

पाहुणा खिडकीतून खाली उतरला. आजवर कधी उतरला नव्हता. टेबलावर खडूशेजारी येऊन बसला, इतका जवळ की त्याला श्वास नाही हे मला कळलं. मी मान वर केली नाही. म्हटलं, बघ. तुला शिवता येत नाही, मला येतं.

दोन्ही कुशींना दुपट्याची पट्टी जोडली. काखेतले मुंढे मोठे केले. आत चांगली चार बोटं माया दाबली, जितकी कुठल्याच फ्रॉकला ठेवत नाहीत तितकी. मशीन लावलं नाही, हातानं बखिया घातला, टाक्याला टाका चिकटून. टोकाला दोनदा उलटा टाका घेतला आणि गाठ आतल्या अंगाला दडपली. ही गाठ माझी स्वतःची. मावशीची शिलाई एकदा बसली की सुटत नाही, असं आमच्या रस्त्यावर लहान पोरही सांगेल.

६

मुंगीनं दुकानातच गिरकी घेतली. पाहुण्यानं बोलावलं होतं वाटतं. गिरकी थांबली आणि तिनं दोन्ही हात काखेपाशी नेले. चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"मावशी, हा सैल कसा?"

"सोडला मी. आता काचणार नाही. खूप माया ठेवलीय आत, तू माझ्याएवढी झालीस तरी..."

तिनं कमरेचा बो ओढून पाहिला, फ्रॉक सैलच राहिला.

"तो अंगाला होईनासा झाला की संपतं," ती म्हणाली. अगदी हळू, मला लागू नये म्हणून जपून बोलल्यासारखी. "तेवढंच असतं. आई बरी होणार, आणि फ्रॉक अंगाला होतोय तोवर आभाळातून जे येतं ते अडवायला मी जायचं. वरच्या वर्गातल्या ताईचं तसंच संपलं. गिरकी घेऊनही तिचा फ्रॉक अंगात येईना, तर ती रस्त्यात नाचली. माझा काचायला लागला होता, मावशी. थोडेच दिवस राहिले होते."

"मला सांगायचं नाहीस का गं?"

"सांगायचं नसतं." मग खालचा ओठ दातात धरून म्हणाली, "तूही विचारलं नाहीस."

स्वयंपाकघरातून धाकटीनं हाक मारली, "काय कुजबुज चाललीय मावशी-भाचीची? मला पण सांगा, मी काय परकी आहे?"

"काही नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

पाहुणा खिडकीत जाऊन बसला होता. तो अजून माझ्या हातांकडेच बघत होता.

७

शिवलेलं उसवता येतं. आमच्या धंद्यात याहून मोठा दिलासा नाही. चुकलं तर उसव, पुन्हा घाल.

मुंगी फ्रॉक माझ्याकडे टाकून वर जाऊन पडली होती. मी फ्रॉक उलटा केला, माझीच गाठ शोधली आणि ब्लेडनं पहिला टाका तोडला.

वरून किंकाळी आली.

मी जिना कशी चढले मला माहीत नाही. मुंगी कूस धरून पलंगावर वाकडी झाली होती. मी तिचा हात बाजूला केला, सदरा वर केला. तिच्या कातडीवर काखेपासून कमरेपर्यंत बखिया होता. बारीक, सरळ, एकसारखा. स्वतःचे टाके ओळखण्यात कुणाची चूक होते? खांद्यावर रफू होतं, तेही माझंच. इतके दिवस मी तिचा फ्रॉक शिवत होते असं समजत होते.

एक टाका तुटलेला होता. तेवढ्या फटीतून रक्त येत नव्हतं. उजेड येत होता, दुपारच्या बंद खोलीत दाराच्या फटीतून येतो तसा. आणि त्या उजेडात, आत, चुण्या होत्या. हलणाऱ्या.

मी बोटानं फट दाबून धरली. "सुई आण," मुंगी दात आवळून म्हणाली. "मावशी, लवकर, तो टाका परत घाल."

मी खाली धावले आणि फ्रॉकला टाका घातला. टाका सरळच पडला. वरचं कण्हणं थांबलं.

धाकटी जिन्याशी आली होती, ओले हात पुसत. "पोट दुखतंय वाटतं पोरीचं?"

"हो," मी म्हटलं. "शेकलं की राहील."

८

मुंगी आता माझ्या खांद्याला लागते. धाकटी मजेत आहे, तिला साधी सर्दीही होत नाही. ती लेकीकडे कौतुकानं बघते आणि म्हणते, "ताई, ही तुझ्या हातची वाढली म्हणून अशी गुणी झाली." मी दोऱ्याला गाठ घालण्यात गुंतल्यासारखं करते.

मधूनमधून मुंगी खाली येते, माझ्याजवळ बसते आणि सांगते, "काखेत काचतोय गं." आता ती हसत नाही. आता फ्रॉक काचला तरी सुटका होत नाही, तो तिच्या अंगात रुततो. मग मी आतली माया थोडी सोडते. सोडताना नवा बखिया आधी घालते आणि मगच जुना टाका तोडते, म्हणजे तिला फारसं लागत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही. चार बोटांतली किती उरली ते मी बघत नाही, चाचपून सोडते. संपल्यावर काय, हे आम्ही दोघी बोलत नाही. ती मला एकदाही टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दरवेळी पाहुणा टेबलावर येऊन बसतो आणि माझा प्रत्येक टाका बघतो. मला वाटायचं, त्याला मजा वाटत असेल.

परवा समोर शांतता होती. बराच वेळ काम करत राहिले आणि मग लक्षात आलं, काय नाहीये ते. खोकला नव्हता. मी बाहेर येऊन बघितलं. इस्त्रीवाला ताठ उभा राहून इस्त्री फिरवत होता, वर शीळ घालत होता.

"काय हो, औषध बदललं?"

"औषध कसलं मावशी! सकाळी उठलो तर छाती मोकळी. डॉक्टरच आता चेहरा पाडून बसलाय, गिऱ्हाईक गेलं म्हणून."

टेबलाखाली नात नव्हती.

ती माझ्या दुकानात येऊन उभी होती, पाठीमागे काहीतरी लपवून. "मावशी, एक बटण तुटलंय. लावून द्याल? आजोबांना सांगू नका हं."

पिवळा फ्रॉक होता. कमरेला बो, छातीवर चांदण्या. एवढासा, की माझ्या दोन पंजांखाली झाकला गेला असता. कापड थंड होतं. मी तो लगेच उलटा केला नाही. आधी बटण लावलं, दोरा तोडला, सुई उशीला टोचली. मनात एकच म्हणत होते, आत काही नसू दे. कड नसू दे. तशीच नुसती संपू दे.

मग उलटा केला.

दोन्ही कुशींना आत माया होती. चार बोटं, नीट दाबलेली. हाताचा बखिया, बारीक, सरळ. टोकाला दोनदा उलटा टाका घेतलेला, आणि गाठ आतल्या अंगाला दडपलेली.

खिडकीत खडू ओढल्यासारखा आवाज झाला.

"छान शिवलाय ना?" नात माझ्या गुडघ्याला रेलून, बोटानं ती माया चाचपत म्हणाली. "पाहुणा म्हणाला, हा मला म्हातारी होईपर्यंत पुरेल."